थोडा म्हणजे किती?

बुधवारी संध्याकाळी विज्ञानाचे सर खुर्चीतून उठले, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “ताई हरतेय.”

बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने बऱ्यावाईट पुष्कळ बातम्या ऐकल्या होत्या, पण ही अशी बातमी पहिलीच.

“नक्की?”

“दोन चालींत मात. पुन्हा पुन्हा तपासून बघितलं.”

सरांची ताई त्यांच्याहून बरीच मोठी. बुद्धिबळ त्यांना तिनेच शिकवलं आणि शिकवल्या दिवसापासून आजतागायत एकदाही जिंकू दिलं नाही. लहानपणी हरल्यावर ते रडायला लागले की ती शांतपणे सोंगट्या पुन्हा मांडायची आणि पुन्हा हरवायची. ‘हात लावला की चाल’ हा तिचा नियम. चुकून सदऱ्याची बाही लागली तरी तिने ती चाल धरलेली होती. पुढे ती लांबच्या गावी राहायला गेली, मेहुणे वारले, तिचे गुडघे धरले, येणंजाणं थांबलं. तेव्हा भाचीने दोघांच्या फोनमध्ये बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं. तेव्हापासून रोज एखादी चाल व्हायची आणि चालीबरोबर फोनवर एखादा टोमणा. हरण्याची परंपरा मात्र अखंड चालू होती.

या सगळ्यात एकच नियम सरांनी घातला होता. ताई एकेका चालीचा विचार करायला आठवडा आठवडा घ्यायची, म्हणून त्यांनी ॲपमध्ये तीन दिवसांची मुदत लावली. मुदतीत चाल केली नाही तर डाव गेला. ताई तेव्हा म्हणाली होती, “लाव हो. तुझाच पाय अडकेल त्यात.”

आता चाल सरांची होती. हत्ती शेवटच्या रांगेत न्यायचा की शह. ताईच्या राजाला सरकायला एकच घर, कोपऱ्यातलं. तो तिथे गेला की घोडा उचलायचा आणि मात. शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं स्वच्छ.

पण सर पडले मास्तर. ‘उत्तर लिहिण्याआधी पुन्हा तपासा’ हे वाक्य त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं, की ते त्यांच्या हाडीमांसी भिनलं होतं. त्यांनी माळ्यावरचा लाकडी पट काढला, धूळ पुसली, डाव जसाच्या तसा मांडला, हत्ती सरकवून पाहिला, परत ठेवला. मग हातपाय धुतले. मग जेवले. सुख पुरवून पुरवून खायचं असतं, असं म्हणत ते निवांत खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि ॲप उघडलं.

ॲप म्हणालं, ‘तुमच्या फोनच्या जुन्या आवृत्तीवर हे ॲप यापुढे चालणार नाही. कृपया फोन अद्ययावत करा.’

सरांनी फोनला विचारलं. फोन म्हणाला, ‘नवीन आवृत्ती टप्प्याटप्प्याने उपलब्ध होत आहे. तुमच्या फोनसाठी अद्याप उपलब्ध नाही.’

हातातोंडाशी आलेला घास कुणीतरी चिमट्याने उचलून न्यावा तसं सरांचं झालं. त्यांनी फोन बायकोपुढे धरला. “वाच. एक म्हणतो नवीन घे, दुसरा म्हणतो नवीन देत नाही. मी मुलांना परीक्षेला बसवून पेपरच दिला नाही, तर पालक मला शाळेच्या आवारात उभं तरी करतील का?”

बायकोने स्वतःचा फोन पुढे केला. त्यात सरांचं खातं उघडायला सांकेतिक आकडा हवा होता. तो आकडा कुठे मिळेल, तर जुन्या फोनमधलं ॲप उघडलं की तिथे. सरांनी हे दोनदा वाचलं आणि फोन परत दिला. “कुलपाची किल्ली कुलपाच्या आतल्या खोलीत ठेवलीय. छान.”

शेवटी त्यांनी ताईलाच फोन लावला. झाला प्रकार सांगितला आणि म्हणाले की चाल मी तोंडी सांगतो, तू फक्त धरून चाल.

“पटावर दिसेल ती चाल,” ताई म्हणाली. “तोंडी काय, मीही आत्ता सांगेन की मी तुला मात दिली.”

“अगं, फोन अडलाय. माझा काय दोष?”

“आमच्या फोनला तर कधीच आली ती नवीन आवृत्ती. तुझ्याचपर्यंत पोचेना म्हणजे बघ. छोट्या, मुदत कुणी लावली होती रे?”

शनिवारी दिवेलागणीला ती मुदत संपत होती.

गुरुवारी शिक्षकांच्या खोलीत सरांनी हा विषय काढला, तेव्हा खेळाच्या सरांनी खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. हे दोन फोन एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकमेकांच्या सल्ल्याने घेतलेले सख्खे भाऊ. खेळाच्या सरांच्या फोनला नवीन आवृत्ती मागच्याच आठवड्यात आलेली होती. त्या फोनचा उपयोग ते दोनच कामांना करत, शर्यतीची वेळ मोजायला आणि पलंगाखाली गेलेली चप्पल शोधायला.

“तुम्हाला कशाला आली?” विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

“मला काय विचारता? मी बोलावली नव्हती. सकाळी उठलो तर आलेली.”

“पण हा न्याय कुठला?”

“न्यायाचं सोडा. बंद करून चालू करा.”

खेळाच्या सरांचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच उपाय होता. पंखा, घंटा, ध्वनिक्षेपक, रुसलेला शिपाई, सगळ्यांना ते हेच सांगत. विज्ञानाच्या सरांनी फोन बंद करून चालू केला. ‘अद्याप उपलब्ध नाही,’ असं फोन ताजातवाना होऊन म्हणाला.

दुपारच्या मोकळ्या तासाला सरांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी यंत्राने त्यांना त्यांचा फोन कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे ते अनेकदा सांगितलं आणि मधल्या वेळात बासरी ऐकवली. अखेर एक मुलगी बोलायला आली. सरांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, हत्ती, घोडा आणि कोपऱ्यातलं घर धरून.

“आपली गैरसोय होतेय हे मी समजू शकते, सर.”

“तुम्हाला मोठी बहीण आहे?”

“आहे.”

“तिला कधी हरवलंत? कशातही?”

“नाही, सर.”

“मग समजू शकता. बोला.”

मुलगी आता मनापासून बोलू लागली. तिने काहीतरी खटखट केलं आणि सांगितलं की उद्या सकाळपर्यंत तुमच्या फोनला नवीन आवृत्ती मिळेल, फक्त ती आली की फोन चार्जिंगला लावा आणि तसाच राहू द्या. फोन वापरात नसला की तो आपलं काम करतो.

“न वापरण्यासाठी कुणी फोन घेतं का?” सर म्हणाले. “मुली, माझी सगळी नोकरी वर्गावर लक्ष ठेवण्यात गेली. नजर हटली की काम थांबतं, हा माझा अनुभव आहे.”

मुलीने आणखी एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण सर तोवर आभार मानून मोकळे झाले होते.

शुक्रवारी सकाळी खरोखरच आवृत्ती आली. पडद्यावर एक बारीक निळी पट्टी उमटली आणि तिच्याखाली वाक्य, ‘थोडा वेळ लागू शकतो.’

सरांचं डोकं तिथेच तापलं. “थोडा म्हणजे किती? आणि ‘लागू शकतो’ म्हणजे काय, लागतो की नाही? अगं, मुलांनी नुसतं ‘पाच’ असं उत्तर लिहिलं तर मी पाच काय, आंबे की किलोमीटर, म्हणून अर्धा गुण कापतो. आणि इथे एवढे शिकलेले लोक ‘थोडा’ लिहितात. एकक कुठाय?”

“तुम्ही आंघोळीला जा,” बायको म्हणाली. तिने फोन चार्जिंगला लावून फडताळात ठेवला होता. सरांनी तो आंघोळीआधी काढून पाहिला, आंघोळीनंतर काढून पाहिला आणि शाळेत जाताना वायर सोडवून खिशात घातला.

त्या दिवशी त्यांनी त्या पट्टीवर जितकं लक्ष ठेवलं, तितकं परीक्षेच्या काळात कुठल्या कॉपीबहाद्दरावरही ठेवलं नसेल. हजेरी घेताना पाहिलं, फळा पुसताना पाहिलं, जिन्यात पाहिलं. पट्टी अर्ध्यावर आली की त्यांना वाटे आता होतंय, आणि पाहायला म्हणून पडदा उघडला की ती जागच्या जागी थबके. आळशी पोराला धपाटा द्यावा तसं ते मग ‘पुन्हा तपासा’ हे बटण दाबत. दुपारी ती पार टोकाला गेली आणि ‘जवळजवळ झाले’ असं म्हणून तिथेच बसली. सरांनी वाट पाहिली. जवळजवळ झालेलं काही होईना. तेवढ्यात खेळाचे सर जिन्यातून खाली येत होते. ते न थांबता म्हणाले, “बंद करून चालू करा.”

सरांनी केलं. पट्टी पहिल्यापासून सुरू झाली.

संध्याकाळी ताईचा फोन आला, प्रकृतीची चौकशी करायला. कुणाच्या प्रकृतीची, ते तिने सांगितलं नाही. “माझा राजा कंटाळलाय रे. नुसता उभा आहे,” एवढंच म्हणाली.

शनिवारी शाळेची तपासणी होती. सकाळी फाटकातच मोठ्या बाई टोपली घेऊन उभ्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सगळ्या शिक्षकांनी फोन टोपलीत टाकायचे, शाळा सुटल्यावर परत न्यायचे. तपासणीचे साहेब वर्गात असताना मागच्या वर्षी कुणाच्या तरी खिशातून कोंबडा आरवला होता.

“बाई, आजचा दिवस माझा राहू द्या,” विज्ञानाचे सर म्हणाले. “तो अगदी शेवटच्या घटका मोजतोय.”

“मग माझ्या कपाटात शांतपणे जाऊ दे त्याला,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि टोपली पुढे केली.

साहेब नेमके विज्ञानाच्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसले. खिडकीत मुलांचे कागदी पेले ओळीने मांडलेले होते, प्रत्येकात माती आणि मातीत घेवड्याचं एकेक बी. जवळजवळ सगळ्यांतून हिरवी मान वर आली होती. एक पेला तेवढा बोडका होता. तो चिमणीचा. चिमणी हे तिचं वर्गातलं नाव, कारण ती एका जागी टिकत नसे.

“सर, माझं बी खराब आहे,” चिमणी म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं आणि रागही. “मला मुद्दाम खराब दिलं. बाकीच्यांचं आलं.”

सर तिच्या बाकाशी उकिडवे बसले. मुलांशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. “खराब नाहीये. तू त्याला काय काय करतेस, सांग बरं.”

“काही नाही करत. फक्त बघते.”

“बघण्यासाठी काय करतेस?”

“माती बाजूला करते. मग परत घालते. नीट घालते, सर.”

“किती वेळा?”

“मधल्या सुट्टीत. आणि पाणी प्यायला जाते तेव्हा. आणि तुम्ही फळ्याकडे वळता तेव्हा.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “अगं, बी मातीत नुसतं लोळत नसतं. आत त्याचं काम चाललेलं असतं. तू माती उकरलीस की ते थांबतं. इवलं मूळ बाहेर आलेलं असेल तर ते मोडतं, आणि मग बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.”

“पण सर, आत काम करतंय की नुसतं बसलंय, हे मला कळणार कसं?”

“कळत नाही. तेच तर अवघड आहे.”

“मग मी काय करू?”

“हात पाठीमागे बांध आणि दुसरीकडे बघ.”

साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सर उठले. उठता उठता त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला, रिकाम्या खिशात चाचपडला आणि बाहेर आला. हे फक्त चिमणीने पाहिलं.

राहिलेले तास सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. शेवटची घंटा झाली तसे ते मुलांच्याही आधी वर्गाबाहेर पडले आणि मोठ्या बाईंच्या दारात जाऊन थडकले. बाईंनी कपाट उघडलं. “तुमचा सारखा कुंईकुंई करत होता, बॅटरी संपली म्हणून. चार्जिंगला लावला आणि पालथा घालून ठेवला. जिवंत आहे, बघा.”

सरांनी फोन उताणा केला. पट्टी नव्हती. ‘फोन वापरात नसताना अद्ययावत करणे पूर्ण झाले,’ एवढंच तिथे लिहिलं होतं.

सरांनी ते वाक्य वाचलं. मदतकेंद्रातली मुलगी त्यांना आठवली. मग त्यांनी फोन खिशात घातला. मागून खेळाचे सर म्हणाले, “झालं ना? तरी मी सांगत होतो.” जाताना विज्ञानाचे सर वर्गात डोकावले तर सगळी मुलं गेली होती, आणि चिमणी एकटी खिडकीकडे पाठ करून, हात मागे बांधून, भिंतीवरच्या नकाशाकडे डोळे वटारून पाहत उभी होती.

घरी पोचल्यावर आधी त्यांनी बायकोला तपासणीची हकिगत सांगितली. साहेबांनी ‘उत्तम’ असा शेरा दिल्याचं आणि चिमणीला आपण काय सांगितलं तेही. मग चष्मा लावला, ॲप उघडलं, हत्ती धरला आणि शेवटच्या रांगेत नेऊन सोडला. शह.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. सरांनी लाकडी पटावरचाही हत्ती सरकवला आणि मागे रेलून बसले. तेवढ्यात फोन वाजला. ताई.

“शह दिलास म्हणे.”

“म्हणे काय? उघड आणि बघ.”

“तेच तर होत नाहीये. नुसती सूचना आली. ॲप म्हणतं, नवीन आवृत्ती घ्या. माझ्या फोनला तुझ्यापेक्षाही आणखी नवी आलीय म्हणे. सकाळपासून एक निळी रेघ हलतेय, झोपते, परत हलते. वैताग नुसता.”

सरांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की बायको बघत राहिली. “ताई, मुदत म्हणजे मुदत.”

“असू दे की,” ताई गोड आवाजात म्हणाली. “मुदत संपली की जिंकशील. मी सगळ्यांना सांगेन हो. छोट्या जिंकला एकदाचा. माझा फोन बिघडला होता म्हणून.”

सरांचं हसू जागच्या जागी विरलं. जन्मात एकदा ताईचा राजा कोपऱ्यात सापडला होता, आणि तो कोपऱ्यात न मरता फोनच्या दुखण्याने मरणार? ही मात त्यांना कुणी मात म्हणून मोजू दिली नसती, ताईने तर नाहीच. तिच्या वाट्याचे तीन दिवस संपायच्या आत तिचा फोन बरा व्हायलाच हवा होता.

“ताई, नीट ऐक,” ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. “फोन चार्जिंगला लाव. पालथा ठेव. आणि त्याला हात लावू नकोस.”

“बघायचंसुद्धा नाही?”

“अजिबात नाही. बी रुजत घातलंय असं समज. मोकळं राहिलं की आपोआप उगवतं. उकरलंस तर पहिल्यापासून.”

“किती वेळ?”

“थोडा,” सर म्हणाले, आणि घाईघाईने फोन ठेवला.

बायकोने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली की आज तुम्ही शहाण्यासारखं बोललात. सरांनी चहा प्यायला. पटाकडे पाहिलं. कोपऱ्यातलं घर पुसून घेतलं. खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग फोन उचलला. “झालं का?” त्यांनी विचारलं. नाही, ताई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. नाही. मग बायको बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेलेली पाहून एकदा विचारलं, आणि ती घड्या घालत असताना स्नानघरातून एकदा.

पुढच्या वेळी ताईने फोन उचलला तो बोलतच. “छोट्या, फोन मोकळा ठेवायचा म्हणालास ना?”

“हो.”

“मग तो वाजतोय कुणामुळे?”

सरांनी बायकोकडे पाठ फिरवली.

“जवळजवळ झालं होतं. तू फोन केलास, मी उचलला, आणि ती मेली रेघ परत पहिल्या जागी जाऊन बसली.”

“मग आता?”

“आता थोडा वेळ लागू शकतो.”

सरांचं तोंड उघडलं. ‘थोडा म्हणजे’ इतके शब्द बाहेरही आले. पण तेवढ्यात बायकोने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, “ताई, ठेवते हं,” असं म्हणून बंद केला, घड्या घातलेल्या चादरींच्या तळाशी सारला आणि कपाटाला किल्ली लावली.

“हात पाठीमागे,” ती म्हणाली. “आणि तिकडे बघा.”

सरांनी हात पाठीमागे बांधले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या पाठीशी पटावर ताईचा राजा शह अंगावर घेऊन ताठ उभा होता, आणि घोडा आपल्या जागेवर वाट पाहत होता.

“एकदाच विचारतो,” सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले. “शेवटचं.”

बायकोने किल्ली काढून मुठीत धरली.